त्याला अहो न म्हणणारा गुडघा

"इथं पडला तो येडा," असं म्हणत भाऊ पाण्याच्या टाकीच्या खांबावर थाप मारायचे. मग पाहुण्यांकडे वळून हळूच जोडायचे, "आन् खाली मी होतो."

तो येडा म्हणजे दक्षिण ध्रुवापर्यंत बर्फातून पायी जाऊन आलेला, जगभर गाजलेला माणूस. वाढला मात्र आमच्या एकलहऱ्यात, वीजकेंद्राच्या कॉलनीत. त्याचं नाव झालं तशी माझ्या मिनीबसला रविवारची एक फेरी मिळाली. त्याच्या बालपणीच्या जागा दाखवायच्या. तुम्हीही कधी अशा फेरीला गेला असाल. मोठा माणूस लहानपणी जिथे शेंबूड पुसत फिरला तिथे लोक एवढे हळवे का होतात, हे मला कधी कळलं नाही. पण माझं घर त्यावर चालत होतं. माहिती सांगायला मी भाऊंना गाठलं. वीजकेंद्राच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले भाऊ त्याचे बालमित्र होते. उजव्या पायाने लंगडायचे.

पहिली जागा नाशिकरोडची. पूर्वी बर्फाच्या गोळ्याची गाडी लागायची तो कोपरा. "जन्मातला पहिला बर्फ त्यानं इथं खाल्ला," भाऊ गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "आन् दात ठणकले म्हणून रडला." नंतर नदीचा काठ. तिथे तो भाऊंच्या चड्डीचा नाडा धरून पोहायला शिकला होता. टाकी शेवटी.

संक्रांतीत अडकलेला पतंग काढायला तो टाकीच्या शिडीवर चढला आणि हात सुटला. खाली भाऊ उभे होते. पळाले नाहीत, उलट दोन्ही हात पसरले. तो अंगावर आदळला आणि त्याला खरचटलंही नाही. भाऊंचा गुडघा मात्र कायमचा गेला. पुढे एक जण जग फिरला आणि दुसरा स्टोअरच्या खुर्चीत बसला.

फेरीत कुणीतरी हटकायचंच, एवढ्या मोठ्या माणसाला अरे-तुरे काय करता म्हणून. भाऊ त्याचीच वाट बघत असायचे. विजार वर ओढून वाकडा गुडघा दाखवायचे. "हा गुडघा त्याला अहो म्हणत नाय."

लोक खळखळून हसायचे. भाऊंचा सगळा मान त्या हशात होता.

मागच्या हिवाळ्यात त्याचा नाशिकला सत्कार ठरला. सत्काराआधी तो टाकी बघायला येणार होता. भाऊंनी नवा शर्ट शिवला. मला म्हणाले, "मी भाषण नाय करणार. खांबापाशी आला की एकच विचारणार, येड्या, आता कुठं पडतो?" मग थोड्या वेळाने, "वळखंल ना रे?" गुडघ्यावरून तरी ओळखेल, असं मी म्हणालो.

तो आला. भर दुपारी अंगात जाकीट, मागे कॅमेरे. टाकीकडे बघून माइकवर बोलू लागला. "लहानपणी मी इथून खाली पडलो. मला साधं खरचटलंही नाही. त्या दिवशी कळलं, आपल्याला वरचा झेलतो."

वरचा नव्हे हो, खालचा. तो खालचा तिथेच, हाताच्या अंतरावर, नव्या शर्टात उभा होता.

आयोजकांनी भाऊंना पुढे ढकललं. हे इथले गाइड, म्हणाले. त्याने हात जोडले. "छान काम करता आपण. इथलेच का?"

भाऊंचे ओठ हलले. मी 'येड्या'ची वाट बघत होतो.

"हो, साहेब."

मी तावातावाने पुढे सरकलो, तर भाऊंनी माझं मनगट घट्ट धरलं. परतताना बसमध्ये मी तोंडाला येईल ते बोललो. विसरला असेल, असंही शेवटी म्हणालो. भाऊ खिडकीबाहेर बघत होते. "विसरला असता तर चाललं असतं. टाकी हाय की त्याच्या ध्यानात."

पुढच्या रविवारी खांबावर थाप पडली नाही. "साहेब इथून पडले," भाऊ म्हणाले. "त्यांना काही झालं नाही." एका बाईंनी विचारलं, खाली कुणी होतं का. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाय. खाली कुणी नव्हतं."

उन्हाळा संपता संपता भाऊ गेले. मी कुणाला काही कळवलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. फेरी चालूच आहे. आता मीच सांगतो. खांबावर थाप मारून म्हणतो, इथं पडला तो येडा आणि खाली आमचे भाऊ होते. भाऊ कोण, हे कुणीच विचारत नाही.

गेल्या रविवारी एक गृहस्थ चिडले. "अहो, एवढ्या मोठ्या माणसाला अरे-तुरे?"

माझा हात आपोआप विजारीकडे गेला आणि तिथेच थांबला. माझे दोन्ही गुडघे धड आहेत.