दुसऱ्या टोकाचे मामासासरे

जगात कसोटी क्रिकेट पाहणारी माणसं पुष्कळ असतील, पण ते चुकीच्या बाजूने पाहणारा एकच माणूस मला माहीत आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. चुकीच्या बाजूने म्हणजे, जिथे चेंडू पडतो तिकडे मामा बघतच नाहीत. समोर कोणी नव्याण्णववर खेळत असतो, सगळं घर श्वास रोखून बसलेलं असतं, आणि मामा पडद्याच्या कडेला बोट ठेवून विचारतात, "तठला काय करी ऱ्हायना?" तठला म्हणजे दुसऱ्या टोकाचा. तो बिचारा बॅटवर रेलून उभा असतो, हातमोजे घट्ट करत असतो, पण मामांच्या मते सामना तोच खेळत असतो. शतक झालं की आम्ही टाळ्या वाजवतो. मामा हाताची घडी घालून बसतात आणि टाळ्या थांबल्या की एकट्याच्या टाळ्या वाजवतात, त्या दुसऱ्या टोकाच्या माणसासाठी. "शंभर करनारनं नाव सर्वं जग लेस," ते मला म्हणतात, "पन त्याले शंभर करू देनारा कोन व्हता, ते सांगा माले, जवाईबापू." मला उत्तुंग षटकार आवडतात, त्यामुळे मला कधीच सांगता येत नाही.

मामांची शहाद्याजवळ तापीकाठी केळीची बाग आहे, आणि या वेडाचं मूळ मला त्या बागेतच सापडलं. पाहुणे आले की ते केळीचा घड बघून तोंडात बोटं घालतात. मामा मात्र पाहुण्यांना मानेला धरून, म्हणजे अगदी शब्दशः मानेला धरून, घडाखाली लावलेल्या बांबूच्या टेकूपाशी वाकवतात. "घड सर्वा देखतस. टेकूकडे कोन देखस?" माझ्या लग्नातही त्यांनी हेच केलं. वरात दाराशी आली, मी घोड्यावरून उतरलो, फेटा सावरून आशीर्वादासाठी वाकलो, तर मामा मला ओलांडून पुढे गेले आणि लगाम धरून चालत आलेल्या माणसाला त्यांनी मिठी मारली. "घोडा उधयना नही, तो कोनामुये?" मी तसाच वाकलेला राहिलो. लग्नाच्या चित्रफितीत ते अजून आहे आणि माझी बायको पाहुण्यांना तेवढंच पुन्हा पुन्हा दाखवते.

विसरले गेलेले कसोटी खेळाडू हा मामांचा खरा संसार. एका बाजूने निमूट निर्धाव षटकं टाकत राहिलेला गोलंदाज, ज्याच्यामुळे चिडून फलंदाज दुसऱ्याच्या चेंडूवर बाद होत. मोठ्या यष्टिरक्षकाच्या काळात जन्मल्यामुळे आयुष्यभर पाण्याच्या बाटल्या नेत राहिलेला यष्टिरक्षक. संध्याकाळच्या धूसर उजेडात, भल्या फलंदाजांना वाचवायला, ज्याला पुढे ढकलतात तो शेपटाचा गडी. या सगळ्यांची सुखदुःखं मामांना घरच्यासारखी. शहाद्याच्या बसस्टँडवर एकदा कोणीतरी सहज बोलून गेलं की अमुक सामना अमक्याने एकट्याने वाचवला. झालं. 'एकट्याने' हा शब्द मामांना शिवीसारखा लागतो. त्यांनी त्या अनोळखी गृहस्थाला बाकावर बसवलं आणि त्या दिवशी दुसऱ्या टोकाला कोणकोण उभं होतं ते सांगायला घेतलं. मामांची बस गेली, त्या गृहस्थाची गेली, नंतरचीही गेली. शेवटी ते गृहस्थ मामांच्याच घरी जेवायला आले. मामींनी न विचारता ताट वाढलं, कारण असे पाहुणे त्यांना नवे नव्हते.

पण मामांची एक खंत होती आणि ती ते थट्टेतसुद्धा लपवत नसत. ज्यांच्यासाठी आपण जन्मभर भांडलो, त्यांच्यातला एक तरी समोर यावा आणि तुमचं आम्ही पाहिलं, विसरलो नाही, एवढं चारचौघांत त्याला सांगता यावं. तापीकाठच्या केळीबागेत कसोटीपटू कशाला येईल? आम्ही हसत असू. आणि गेल्या हिवाळ्यात एक आला.

त्यांचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तरी तुम्हाला आठवणार नाही आणि मामांचं सगळं दुःख तेच आहे. नेहमीच्या सलामीवीराचं बोट मोडलं म्हणून या गृहस्थांना संघात घेतलं होतं, त्यांनी दिवसभर अंगावर चेंडू झेलत सामना वाचवला आणि बोट जुळताच त्यांना घरी पाठवलं. त्यांची मुलगी शहाद्याला डॉक्टर म्हणून आली होती, तिच्याकडे ते चार दिवस राहायला आले होते. मामांना हे कळलं मात्र, केळीचा अख्खा घड खांद्यावर घेऊन ते त्यांच्या दारात उभे राहिले. "आमना गावले या," म्हणाले, "तुमना सत्कार करना शे." ते गृहस्थ मागे वळून पाहू लागले म्हणे, आणखी कोणाला म्हणताहेत की काय म्हणून.

आमच्याकडे सत्कार म्हणजे टोपी, उपरणं आणि नारळ. लाउडस्पीकरवरून नाव पुकारायचं, टोपी घालायची, नारळ हातात द्यायचा. त्यात एक अलिखित कायदा असा की मांडवात बसलेला मानाचा माणूस वगळायचा नाही. वगळला तर तो तुमच्या घरच्या पुढच्या लग्नाला येत नाही. म्हणून सरपंच, माजी सरपंच, माजीचे आजी विरोधक हे आधी आलेच. पाहुण्यांचा मान सगळ्यात मोठा, म्हणून तो सगळ्यात शेवटी. इथवर सगळं रीतीप्रमाणे होतं. पण सत्कार मामांच्या हाती होता आणि मामांना डोळ्यांसमोर बसलेला न पाहिलेला माणूस सहन होत नाही. त्यांनी पाण्याची टाकी भरणाऱ्याला पुढे बोलावलं. मग मुक्कामी एस.टी.च्या ड्रायव्हरला. मग गाद्या पिंजणाऱ्या चाचांना, ज्यांच्या कापसावर निम्मं गाव झोपतं. मग बँडमध्ये मागे उभा राहून नुसतीच झांज वाजवणाऱ्याला. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंना खण-नारळ. प्रत्येकाचं कौतुक मामा स्वतः माइकवर करत होते आणि गाव अक्षरशः हरखून गेलं होतं. टोपी घालून जाग्यावर परतणारा माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवी, 'याले इसरू नका', आणि मामा कसे विसरणार? माझाही सत्कार झाला. मी काय केलं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

शेवटी लाउडस्पीकर खाकरला, "आते आपला परमुख पाहुना...", आणि मामांनी टोपलीत हात घातला. टोपली रिकामी होती. टोपी नाही, उपरणं नाही, नारळ नाही. गावातल्या दुकानातले नारळ आधीच संपवले होते. अख्खा मांडव नव्या पांढऱ्या टोप्या घालून बसला होता आणि ज्याच्यासाठी मांडव घातला तो बोडक्या डोक्याने व्यासपीठावर बसला होता. घातलेली टोपी उतरवून पाहुण्याला देणं हा तर अपमानच, त्यामुळे कोणी पुढे होईना. ते गृहस्थ मात्र शांत हसत होते. पॅड बांधून दिवसभर पॅव्हेलियनमध्ये बसल्यावर, आता तुझी गरज नाही असं ऐकणाऱ्याचं ते हसू असावं. ते हलकेच म्हणाले, "राहू द्या हो. मला सवय आहे."

मामांचा चेहरा मला पाहवेना. जे वाक्य कोणावर बोलायची वेळ येऊ नये म्हणून ते आयुष्यभर भांडले, ते त्यांच्याच मांडवात, त्यांच्याच चुकीने बोललं गेलं होतं. मामांनी माइक खाली ठेवला. मग म्हणाले, "थांबा. एक टोपी शे आजून."

आणि त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली. मामांना बिनटोपीचं मी तोवर पाहिलं नव्हतं. उन्हात रापलेल्या चेहऱ्याच्या वर ते गोरंपान टक्कल एकदम उघडं पडलं. टोपी जुनी, कडेला तेलाने पिवळसर झालेली. तीच त्यांनी दोन्ही हातांनी पाहुण्यांच्या डोक्यावर ठेवली. ती मोठी होती, कानांपर्यंत खाली आली. कोणी हसलं नाही. पाहुणे उठले, माइकपाशी आले आणि कानांवर आलेली टोपी त्यांनी सावरली. मग म्हणाले, "देशाची टोपी मलाही मिळाली होती. पण ती देताना कोणी स्वतःच्या डोक्यावरची काढून दिली नव्हती. ही मी परत देणार नाही." तेव्हा ज्या टाळ्या पडल्या त्या ऐकून बागेतले बगळे उडाले आणि मी, मोठ्या फटक्यांचा भक्त, उपरण्याने डोळे पुसत होतो.

त्या दिवसापासून मामांनी टोपी घातलेली नाही. मामींनी नवी आणली, ती खुंटीवर लटकते आहे. परवा मामी मला चहा देताना हळूच म्हणाल्या, "सर्वासना सत्कार व्हयना, जवाईबापू. ह्यासना तेवढा ऱ्हाई गया." खरंच की. ज्यांचा सत्कार झालाच नव्हता, असे मांडवात मामाच राहिले होते आणि ते आमच्या कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मामांना विचारलं तर तो विषयच त्यांना समजत नाही.

आता त्यांची नजर अधू झाली आहे. पडद्यावर कोण आहे ते दिसत नाही, म्हणून सामना असला की मी नंदुरबारहून जातो आणि शेजारी बसतो. समोर कोणीतरी चेंडू भिरकावून देतो, सगळे ओरडतात, आणि मामा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारतात, "तठला काय करी ऱ्हायना?"

मी दुसऱ्या टोकाकडे बघतो. हल्ली मला ते जमतं. "काही नाही, मामा. बॅट टेकवून उभा आहे."

"उभा शे ना?" मामा म्हणतात. "मंग ठीक शे."

मग टाळ्या थांबल्या की आम्ही दोघं टाळ्या वाजवतो. मी वाजवतो त्या कोणासाठी, ते मामांना दिसत नाही.