पाचच सिटिंग

बबी नेमकं काय शिकते, हे तिच्या बापाला कधी धड सांगता आलं नाही. मेडिकल फिजिक्स म्हणजे डॉक्टर नाही आणि मास्तरही नाही, मग आहे तरी काय? कुणी विचारलंच तर हा रिटायर्ड कंडक्टर ऐटीत सांगायचा की कॅन्सरचं मशीन माझ्या लेकीच्या मुठीत असतं. मुठीत कसलं डोंबल! ट्रेनी होती ती. सकाळी सातला, पेशंट यायच्या आधी, मशीनखाली मापक ठेवायचं, किरणांची मात्रा बरोबर येते का बघायचं, वहीवर सरांची सही घ्यायची आणि चुकलं की बोलणी खायची.

त्याच मशीनखाली एक दिवस बाप येऊन झोपला. कॅन्सर मणक्यात उतरला होता. सरांनी बबीला त्याच्या कागदांपासून लांब ठेवलं, पण आकडा तिच्या नजरेतून सुटतोय होय? पाच सिटिंग, प्रत्येक वेळी मोठी मात्रा. या दुखण्यात पाच म्हणजे फक्त कळ कमी करायला, हे तिनं पहिल्याच वर्षी घोकलं होतं. डॉक्टरांनी आईलाही तेच सांगितलं. आईनं बबीला शपथ घातली, त्यांना कळू द्यायचं नाही.

बापाची स्वारी खुशीत! बाकावर घशाच्या कॅन्सरच्या, तेहतीस सिटिंगवाल्या शिंपीणबाई असायच्या, त्यांना रोज चिडवायचा. आमचा स्टॉप आला, तुमची गाडी अजून डेपोतच. बाई हसायच्या. चौथ्या दिवशी मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे पाचात बरे होतात, मग माझेच एवढे हाल कशाला? गळा नुसता सोलून निघालाय. उद्यापासून मी येणार नाही.

बबीनं ते ऐकलं. आता कुणी कितीही समजावलं तरी बाई बापाकडेच बोट दाखवणार. तिनं बापाची चाकाची खुर्ची जिन्याजवळ नेली आणि शपथ मोडली.

"बाबा, पाच दिलेत ते दुखू नये म्हणून. बरं व्हायला नाही."

आपणच बापाला मारलं, असं बबीला वाटलं. मग त्यानं एवढंच विचारलं, तेहतीसवाले बरे होतात का. बरेच जण होतात, ती म्हणाली.

"मग खुर्ची वळव. त्या बाईंना सांगू दे."

त्यानं स्वतःच सांगितलं, माझ्या पाचावर जाऊ नका म्हणून. दुसऱ्या दिवशी बाई आल्या. तोही आला, पण त्यानं कुणाला चिडवलं नाही.