दार नसलेला कर्जदार

आमच्या घरमालकांइतका गोड बोलून पैसे वसूल करणारा माणूस या भूतलावर दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. येलहंक्यात त्यांच्या माडीवर मी भाड्याने राहते. मी नागपूरची, त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन रुजलेलं. त्यांचं मराठी निम्मं कानडी, माझं निम्मं इंग्रजी, पण त्यामुळे आमचं भांडण कधी अडलं नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एका पतपेढीची थकलेली कर्जं वसूल केली. पद्धत एकच. सकाळी कर्जदाराच्या व्हरांड्यात जाऊन बसायचं, कॉफी घ्यायची, मुलांचे मार्क, म्हातारीचे गुडघे, सगळ्याची मनापासून चौकशी करायची आणि पैशाचं नावही न काढता उठायचं. दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर. एक लाकूडवाला म्हणे रडकुंडीला येऊन म्हणाला, "अण्णा, हवं तर शिव्या घाला, पण माझ्या सासूच्या दम्याचं विचारू नका!" आणि पैसे आणून ठेवले. "शिवी दिली की त्याला कर्ज फिटल्यासारखं वाटतं, पुट्टी," अण्णा मला समजावतात. कानडीत लहान मुलीला पुट्टी म्हणतात; माझ्या डोक्यावरचे पांढरे केस त्यांना दिसत नाहीत. मलाही एकदा भाड्याला उशीर झाला, तेव्हा ते कोडबळ्यांचा डबा घेऊन वर आले आणि माझ्या आईची तब्येत विचारत बसले. मी त्यांच्यासमोरच फोन काढून भाडं पाठवलं.

असा माणूस ऑनलाइन कॅसिनोच्या नादी लागावा! पण त्यालाही कारण होतं. अण्णा आणि काकू रोज संध्याकाळी चिंचोके लावून रमी खेळायचे. काकू गेल्या आणि पत्ते कपाटात गेले. मग बागेतल्या कुणा मित्राने मोबाइलवरची रमी शिकवली. अण्णा थोडे थोडे पैसे घालत गेले, जिंकतही गेले, आणि स्क्रीनवर ऐंशी हजार दिसायला लागल्यावर शहाण्यासारखे उठले. पैसे मागितले, तर कॅसिनो देईना. आधी पडताळणी चालू आहे म्हणाले, मग यंत्रणेत बिघाड, आणि शेवटी, पैसे सोडवायचे तर आधी बारा हजार शुल्क भरा. अण्णांना राग आला नाही. उलट जुना धंदा पुन्हा सुरू झाल्यासारखी तरतरी आली. अडचण एकच होती. "ह्यांचा व्हरांडा कुठं असतो?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "अण्णा, ती कंपनी कुठल्याशा बेटावर आहे. तिला दारच नाही. चॅटची एक खिडकी आहे फक्त."

"सरी, बरं. खिडकीत बसू."

आणि खरंच बसले. सकाळी आंघोळ करून, कॉफीचा पेला शेजारी ठेवून, पतपेढीतल्या इंग्रजीत ते तिकडच्या मुलीची विचारपूस करत. तिचं नाव परदेशी होतं, अर्थातच खोटं. आधी ठरलेली उत्तरं यायची. मग एकदा उत्तर आलं की आईची साखर वाढलीय. अण्णांनी मेथीचं पाणी सुचवलं. मी डोक्याला हात लावला.

शुल्काचे बारा हजार कुठून आणणार, हे कळलं तेव्हा मात्र मी ओरडलेच. खाली अण्णांची थोरली विधवा बहीण, अक्का, राहतात. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते ते. "अण्णा, हा सापळा आहे!" "एवढं नीट बोलणारी माणसं बुडवत नाहीत, पुट्टी. सगळं आयुष्य हेच बघितलंय." पैशापेक्षा त्यांचा हा विश्वासच पणाला लागला होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. पैसे भरायच्या आधी त्यांनी त्या मुलीला कळवलं, की हे माझ्या बहिणीच्या डोळ्याचे आहेत, काम लवकर करा. मग इंग्रजी सोडून चक्क हिंदीत दोन ओळी आल्या: "अंकल, मत भरिए. यहाँ से किसी को कुछ नहीं मिलता."

अण्णांनी पैसे भरले नाहीत. दुसऱ्या सकाळी नाव तेच होतं, पण आईच्या साखरेचं विचारल्यावर पुन्हा ठरलेलं उत्तर आलं; बोलणारं माणूस नवं होतं.

मी त्यांना सायबर पोलिसांकडे ओढून नेलं. हवालदार भला माणूस होता. सगळं ऐकून म्हणाला, कंपनीच्या माणसानेच तसं लिहून दिलं असेल तर त्याहून मोठा पुरावा नाही. अण्णांनी चॅटच्या छापील पानांचा गठ्ठा पुढे केला. मी चाळला. नेमकं तेच पान नव्हतं.

"ते आणलं नाही," अण्णा शांतपणे म्हणाले.

"मग स्वल्प कठीण आहे, सर," हवालदार म्हणाला.

"आगली, असू दे."

तक्रार तशीच लंगडी नोंदवली गेली. रिक्षात मी फणकारून बसले होते. ऐंशी हजारांवर पाणी सोडणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी काय? हेब्बाळच्या पुलापाशी अण्णाच बोलले. "वसुलीला गेलो की बाप लेकराला बाहेर पाठवायचा, बाबा घरी नाहीत म्हणून सांग. एखादं लेकरू खरंच सांगून टाकायचं, बाबा आत पलंगाखाली आहेत. मी आत जात नव्हतो, पुट्टी. बरं, नंतर येतो म्हणून परत फिरायचो. आत गेलो असतो तर पैसे मिळाले असते की. पण मी गेल्यावर त्या लेकराला मार."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. त्यांचा हात धरावासा वाटला, पण तेवढं धैर्य झालं नाही. रिक्षा पुढे सरकली. बाहेर बघत अण्णांनी विचारलं, "तिची नोकरी राहिली असेल काय गं?"