चंपाबाईंची हरकत

चंपाबाईंनी जन्मभर दुसऱ्यांचे स्लॅब भरले. डोक्यावर घमेलं, कमरेला पदर खोचलेला, अशी ही बाई शहरातल्या किती इमारतींच्या जिन्यांवरून वर चढली असेल, तिलाच माहीत नाही. स्वतःच्या घरावर मात्र पत्रेच राहिले.

त्या सिल्लोडकडच्या. नवरा बन्सी बिगारी कामावर असतानाच वारला. हर्सूलच्या आमच्या वस्तीत त्यांचं घर आमच्या समोरच्या ओळीत आहे. इथली सगळी घरं गुंठेवारीची, म्हणजे शेतमालकाकडून तुकडा घेऊन परवानगीशिवाय बांधलेली. मुलगा राजेंद्र लोडिंग रिक्षा चालवतो. मी त्यांना मावशी म्हणते.

गल्लीच्या टोकाला मोठं रान मोकळं आहे. तिथं बैठी घरंच होणार, असं शहराच्या आराखड्यात होतं. यंदा बिल्डरनं महापालिकेकडं मागणी केली, घनता वाढवून द्या, चौदा मजल्यांचे टॉवर बांधतो.

"घनता म्हंजी काय गं, रत्नमाला?" मावशींनी मला विचारलं.

"एका जागेत किती माणसं राहू द्यायची, ते."

"मग आमच्या खोलीची घनता लईच झाली की! इचार आमच्या सुनंला."

दोघी हसलो. राजेंद्र कचेरीतून माहिती काढून आला आणि हसू गेलं. उंच इमारतीला रुंद रस्ता लागतो. आमची नऊ मीटरची गल्ली अठराची होणार होती, आणि त्यात मावशींची सगळी ओळ जाणार होती.

हरकतींची सुनावणी नेमकी पौर्णिमेला आली. दर पौर्णिमेला मावशी विहारात अष्टशील घेतात. पांढरं लुगडं, दुपारनंतर अन्न नाही, आणि खोटं तर मुळीच नाही.

"आई, आजच्या दिवस शील ऱ्हाऊ दे," राजेंद्र म्हणाला. "तिथं थोडं इकडचं तिकडं बोलावं लागंल."

"तू बोल इकडचं तिकडं. मी शील घेऊनच येते."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. विहारात शेजारी बसून जिच्याबरोबर मी शील म्हणते, तिला मोड म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं?

सुनावणीला गर्दी होती. वस्तीपलीकडचे एक निवृत्त इंजिनिअर तावातावानं बोलले, "आत्ताच नळाला कधी पाणी येतं त्याचा पत्ता नाही. हजार घरं आणखी टाकल्यावर लोकांनी प्यायचं काय? अन् ड्रेनेज सोडणार कुठं, तलावात?"

बिल्डरचा वकील उठला. "शहरात माणसं येतायत, ती राहणार कुठं? पुन्हा गुंठेवारीतच?"

"बसवा हो त्याला खाली! त्याला काय, फ्लॅट मिळाला असंल!" मागून कोणीतरी ओरडलं. गलका झाला. साहेबांनी टेबल वाजवलं आणि मावशींचं नाव पुकारलं.

राजेंद्रनं त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं, टॉवर नकोत, आमचं घर कायदेशीर आहे. मावशी उभ्या राहिल्या, साहेबांना 'जयभीम' म्हणाल्या. त्या पुढं बोलणार, तेवढ्यात वकिलानं विचारलं, "आजी, तिथं लोकांना घरं मिळू नयेत, असं तुमचं म्हणणं आहे का?"

"कुनाला घर मिळू नये, असं मी कसं म्हनंल बाबा? मी जलमभर घरंच बांधली."

"तुमच्या घराला परवानगी होती?"

राजेंद्रनं डोळ्यांनी खुणावलं. मावशींनी त्याच्याकडं पाहिलं, मग आपल्या पांढऱ्या पदराकडं.

"नव्हती."

"म्हणजे तिथं घरं व्हायला तुमची हरकत नाही?"

"घराला नाय. पर माझं..."

"आभारी आहे," म्हणून वकील बसला. साहेबांनी मान खाली घालून लिहून घेतलं, 'हरकत नाही.' पुढचं नाव पुकारलं गेलं.

"अवो सायब, माझं ऱ्हायलंय अजून!" मावशी म्हणतच होत्या. शिपायानं दंडाला धरून त्यांना खुर्चीवर आणून बसवलं.

बाहेर आल्यावर राजेंद्र फुटला. "तुझ्या शीलानं घर खाल्लं, आई! एवढ्या लोकांत तूच एक सापडली खरं बोलायला?"

मी म्हटलं, "मावशी, खरं बोलल्याचं वाईट होत नाही."

"व्हतं की," त्या म्हणाल्या. "झालं ना आत्ता."

त्या संध्याकाळी मी वंदनेला बसले, पण खोटं न बोलण्याचं चौथं शील म्हणताना जीभ अडली.

टॉवर मंजूर झाले. घर नियमित नाही, म्हणून मोबदलाही नाही. राजेंद्र दुसऱ्या वकिलाकडं गेला, तर तो म्हणाला, "तुमच्या आईचीच 'हरकत नाही' अशी नोंद आहे, आता मी काय भांडू?" परवा माणसं येऊन भिंतीवर तांबडी खूण करून गेली.

काल दुपारी खडखड ऐकू आली म्हणून बाहेर गेले. मावशी शिडीवर उभ्या, हातात पाना, आणि पत्र्याचे बोल्ट खोलत होत्या.

"मावशी, अहो काय करताय? अजून मुदत आहे!"

"जेसीबी आला की पत्रे चेपून टाकतो. साबूत काढले तर दुसरीकडं घालता येतील."

"दुसरीकडं कुठं?"

"ते इचारू नको," त्या वरूनच म्हणाल्या. "शिडी धर. हालतीया."

मी शिडी धरली. पहिला पत्रा खाली आला आणि घरात भक्कन ऊन पडलं. आत सून भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही, परात तेवढी सावलीकडं सरकवली. मावशींनी दुसऱ्या पत्र्याला पाना लावला.