गादीवाल्यानं शिवलेला अंतराळाचा सूट

मी तिसरी नापास. पण कापसातलं मला कोणी शिकवू नये. गोंडपिपरीत अर्धं गाव माझ्या हातच्या गाद्यांवर झोपतं आणि उरलेलं अर्धं सकाळी कंबर धरून उठतं. म्हणून नातीच्या शाळेतल्या बाई जेव्हा म्हणाल्या, की सव्वीस जानेवारीच्या झाकीसाठी अंतराळाचा सूट चंद्रपूरहून भाड्यानं आणू, तेव्हा ते मला लागलं.

झाकी अशी होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कागदाचं रॉकेट, आणि त्यासमोर अंतराळात गेलेली पहिली मंडळी. आधी गेलेली कुत्री, मग पहिला माणूस, मग पहिली बाई. पहिली बाई म्हणजे माझी नात. ठरलं त्या दिवसापासून भांडी घासतानासुद्धा तिच्या तोंडी बाईंनी लिहून दिलेलं तेच वाक्य, "मी एकटी गेले, आता तुम्ही सगळ्या या!" पण भाड्याचा सूट मोठ्या पोरींच्या मापाचा. तो आला असता तर सातवीतली उंच पोरगी उभी राहिली असती आणि माझी नात खाली बसून टाळ्या वाजवत.

नातीनं मला एक गोष्ट सांगितली. "नाना, ते पहिली बाई रॉकेटात जायच्या अगुदर कापडाच्या गिरणीत कामाले होती."

"असं? मंग ते आपल्या बिरादरीतली झाली," मी म्हणालो. "सांग तुह्या बाईले. तिचा सूट गादीवालाच शिवन."

जाड मांजरपाट आणला. त्या सुटासाठी कापूस वेगळा पिंजला, असा की फुंकला तर छपराला लागेल. हात, पाय, छाती, सगळीकडे सारखा भरला आणि गादीला घालतो तसे टाके घातले. डोक्याला बुरडाकडून बांबूची टोपली आणून चांदीचा कागद चिकटवला. सव्वीस तारखेला सकाळी नातीला सुटात उभं केलं आणि दाभण घेऊन पाठ शिवून टाकली.

शेजारचा शिंपी दारात उभा होता. माझं काम बघायला तो नेहमी येतो, पण कौतुक करायला कधी येत नाही.

"चाचा, बटन कुठी हाय?"

"गादीले कधी बटन पाह्यलं का तू?"

"पर गादीच्या आत कोनी राह्यते का?"

"आज राहीन."

तो हसला. हसू दे. भरलेल्या वस्तूचं तोंड शेवटी शिवायचंच असतं. बटण लावलं की फट राहते आणि फटीतून कापूस बाहेर बघतो. आणि वर तर म्हणे हवाच नाही, तिथं फट ठेवून कसं चालेल? तेव्हा माझं बरोबर होतं, आजही बरोबर आहे.

मैदानात सगळ्या झाक्या रांगेत लागल्या. पाहुण्यांची जीप काही येईना. ऊन चढलं. माझ्या बुढीनं थंडीचा म्हणून पोरीला सकाळी गिलासभर चहा पाजला होता. पोरगी एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागली.

"नाना," टोपलीतून हळूच आवाज आला, "मले जा लागते."

"आता?"

"बाईले सांगू नोका. उतरवून देतीन मले."

तिचा आवाज रडवेला होता. तेवढ्यात शिंपी आला. बेटा खिशात कैची घेऊनच घरून निघाला होता.

"देऊ का, चाचा?"

"माह्या शिवणीले तुही कैची लागनार नाई."

"मंग पोरीले होळीपर्यंत कोंडून ठेवता का?"

हा गलका ऐकून बाई आल्याच. मला वाटलं, गेला पोरीचा नंबर. पण बाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"चाचा, तो पहिला माणूससुद्धा रॉकेटकडे जाताना मधेच गाडी थांबवून उतरला होता म्हणे, याच कामासाठी. बंद केलेला सूट उघडावा लागला. तेव्हापासून तिथून जाणारे तसेच गाडी थांबवतात, शकुन म्हणून."

"मोठेमोठेबी?"

"मोठेमोठेसुद्धा."

"मंग रीत हाय म्हना ना! रीत असन तर उघडतो."

गादीवाला शिवतो तेव्हाच त्याला ठाऊक असतं की गादी पुन्हा पिंजायला उसवायची आहे. मी गाठ दातानं तोडली, एक दोरा ओढला आणि पाठ सर्रकन मोकळी झाली. शिंप्यानं कैची गुपचूप खिशात घातली. बाई पोरीला घेऊन चिंचेमागे पळाल्या, आणि नेमकी तेव्हाच जीप आली.

ट्रॅक्टर सुरू झाला. पोरगी पळत आली ती पाठ उघडी, मागे कापसाचे पुंजके उडताहेत. तिला ट्रॉलीवर चढवलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी काय बघतो? दाभण तोंडात धरलं आणि मीही चढलो.

पाहुण्यांसमोरून झाकी निघाली. माईकवाला सांगत होता, "ही अंतराळात गेलेली कुत्री... हा पहिला माणूस... ही पहिली महिला... आणि हे..." तिथं तो अडकला. लुंगी-टोपीतला म्हातारा त्याच्या कागदावर नव्हता.

नातीनं टोपली वर केली. "हे माहे नाना! यायनं शिवल्याबिगर कोनी वर जात नाई!"

मग मैदान हसत असतानाच तिनं आपलं वाक्य म्हटलं, असं खणखणीत की तहसिलीच्या छपरावरचे पारवे उडाले. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते म्हणे. मी पाहिलं नाही. माझी शेवटची गाठ बाकी होती.

सूट शाळेतच राहिला. पुढच्या साली शिंप्यानं मला न विचारता त्याला चेन लावली. पण सव्वीस तारखेला सूट घातलेली नवी पोरगी माझ्या दुकानासमोर आली आणि पाठ करून उभी राहिली. "चाचा, टाका." मी चेनीवर एक टाका घातला. तेव्हापासून दर साली ट्रॅक्टर माझ्या दारात थांबतो.

"चेन असताना टाका काऊन?" शिंपी अजून कुरकुरतो.

मी म्हणतो, "तिकडं रॉकेटवाले गाडी काऊन थांबवतात, ते इचारून ये. मंग सांगतो."