एका चौकोनातली दोन अक्षरं

जगात सरळ आणि निर्हेतुक असं काहीही नसतं, यावर आमच्या दाजींइतकी गाढ श्रद्धा असलेला माणूस मी पाहिला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. अंबरनाथच्या एका कारखान्यात आलेला माल तपासून घेण्यात त्यांची तीस वर्षं गेली. खोक्यावर शंभर लिहिलं असेल तर आत अठ्ठ्याण्णव असणार, हे त्यांनी नोकरीत शिकून घेतलं आणि घरी येताना सोबत आणलं. दूध घट्ट आलं की ते दूधवाल्याकडे रोखून बघत. पातळ दुधाचं कारण कळतं, घट्ट दुधाचं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. लग्नाची पत्रिका आली की आधी पाकीट उजेडात धरत आणि विचारत, "यांना आपण का आठवलो?" बदलापूरला त्यांच्या मांजर्लीत नदीचं पाणी शिरलं तेव्हा शेजारच्या मुलांनी येऊन त्यांचं सामान माळ्यावर चढवून दिलं. दाजी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून अक्काला हळूच म्हणाले, "यांचं काय काम असेल गं आपल्याकडे?" त्या दिवशी त्यांनी टीव्हीच्या आधी माळ्यावर टाकलेली वस्तू म्हणजे शब्दकोड्यांचं गाठोडं.

शब्दकोडी त्यांच्यासारख्या संशयी माणसाची अगदी जिवाभावाची, कारण तिथे समोरचा माणूस फसवतो हे आधीच ठरलेलं असतं. रविवारच्या पुरवणीतली साधी कोडी त्यांना चालत नसत. "नदीचं नाव विचारलं आणि नदीचं नाव लिहिलं, यात काय मजा?" त्यांना हवं असे ते उल्हासनगरच्या आमच्या ग्रंथालयाच्या छोट्या मासिकातलं गूढ कोडं. यात सूचना एक बोलते आणि सुचवते दुसरंच. शिवाय पाच-सहा शब्दांना सूचनाच नसते. बाकीचं जाळं भरत आलं की त्या शब्दांना बांधणारा एक विषय हळूहळू दिसू लागतो, आणि तो सापडला तरच कोडं सुटतं. ते तयार करणारा 'निरगाठ' या टोपणनावाने लिही. दाजी सगळं आधी पेन्सिलीने भरत. विषय सापडला, एकूणएक चौकोन पटला, की मगच वर शाई. आणि शाई वाळली की एक पोस्टकार्ड काढून त्या कोड्याचं परीक्षण लिहीत.

निरगाठ म्हणजे मी.

हे उल्हासनगरातल्याच कॅम्प पाचमधल्या छापखान्याच्या सिंधी मालकांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हतं. ग्रंथालयातली नोकरी, एकटीचं घर, दुपारचे रिकामे तास, त्यातून हा नाद लागला आणि मासिकाने तो छापला. दाजींची कार्डं छापखान्याच्या पत्त्यावर येत. मालक ती माझ्या हातात देताना मान हलवत. "मॅडम, ये आदमी आपको छोडेगा नहीं." दाजींनी सात वर्षांत दहापैकी साडेसहाच्या वर कधी गुण दिले नाहीत, आणि त्यातलाही अर्धा स्वच्छ छपाईचा असे. एकदा मी सूचना दिली होती : विकता विकता गोंधळ उडाला, हाती ओळीच राहिल्या, अक्षरं तीन. 'विकता'ची अक्षरं हलवली की 'कविता'. दाजींना ते क्षणात सुटलं आणि म्हणूनच तीन दिवस त्यांनी ते लिहिलं नाही. कार्डावर आलं, "सूचना सुंदर आहे. दाराशी गूळ ठेवणाऱ्याने आत काय ठेवलं असेल, या विचाराने झोप लागली नाही. सहा गुण."

महिन्याच्या एका रविवारी मी बदलापूरला जाई. जेवणं झाली की दाजी निरगाठची झडती घेत. त्यांनी सूचनांवरून माणूस जवळजवळ पकडला होता. तो निवृत्त होता, कोर्टात कारकून असावा. त्याला मधुमेह होता, कारण तीन महिन्यांत जिलबी चारदा आली होती. बायकोशी पटत नसावं. मी आमटी वाढून घेत ऐकत असे. एकदा मी भीत भीत म्हटलं की बाईसुद्धा असेल. दाजी हसले. म्हणाले, "ग्रंथपालबाई, बाईमाणसाच्या पोटात एवढा कावा नसतो." अक्का आतून म्हणाली, "तीस वर्षं झाली लग्नाला, अजून हेच समजतायत."

सांगून टाकावं असं मला अनेकदा वाटे. पण दाजींनी एकदा स्वच्छ सांगितलं होतं की नात्यातल्या माणसाचं कोडं ते सोडवणार नाहीत. तिथे संशय घेता येत नाही. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. आणि माझ्याकडे तरी काय होतं? माझी एकेक ओळ उजेडात धरून बघणारा तेवढा एकच वाचक होता.

मग दाजींच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. त्यांना अंबरनाथच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा उशाशी माझं ताजं कोडं होतं. शीर्षक होतं 'माळ्यावर', आणि सूचना नसलेले शब्द होते घरातून हद्दपार झालेल्या वस्तू : बंब, कंदील, उखळ, सूप, वरवंटा. दाजींनी ते दोन दिवसांत भरलं. एक चौकोन सोडून. वरवंट्याच्या पहिल्या अक्षरातून जो उभा शब्द जात होता, तो होता 'समय'. आडव्याला तिथे 'व' हवा होता, उभ्याला 'म'. मी आधी तिथे 'सवय' बसवला होता. आयत्या वेळी 'समय'ची छान सूचना सुचली म्हणून शब्द बदलला आणि आडवं तपासायचं विसरले. चूक, सरळ नवशिक्याची चूक.

दाजींना ती चूक वाटलीच नाही. त्यांनी चौकोनात वर 'व' आणि खाली 'म' असं बारीक लिहिलं होतं. "एका खोलीत दोन बिऱ्हाडं ठेवलीत त्याने. उगीच नाही ठेवणार," ते म्हणाले. तीन आठवडे ते त्या चौकोनामागे होते. तिथून तिरके शब्द वाचले, चौकोन मोजले, मागचे अंक मागवले. डॉक्टरांनी गोळ्यांचा रंग बदलला तरी त्यांनी कारण विचारलं नाही. तेव्हा अक्का रडली.

त्या दुपारी अक्का डबा आणायला गेली असताना मी खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं. दाजी, ती चूक आहे. माझी आहे. निरगाठ मीच.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, ते थेट घट्ट दुधाकडे बघत तसं.

"अक्काने पढवून पाठवलं तुला."

"नाही दाजी."

"मग डॉक्टरने. म्हातारा डोकं शिणवतोय, त्याला गप्प करा म्हणून." मी जिलबीबद्दल सांगितलं, सवय आणि समय सांगितलं, उद्या वही आणते म्हटलं. ते म्हणाले, वही काय, कोणीही लिहील. मग माझा हात थोपटून, समजूत घालावी तसं म्हणाले, "तुझं मन चांगलं आहे गं. पण सात वर्षं मी त्या माणसाच्या मागावर आहे. तो लबाड आहे, कुजका आहे, पण चुकत नाही."

एवढे गुण त्यांनी मला कधीच दिले नव्हते. मी वही नेली नाही. चौथ्या दिवशी दाजी गेले. अक्काने मला कोडं आणून दिलं. सगळीकडे पेन्सिल होती, शाई कुठेच नव्हती.

पुढच्या अंकासाठी उत्तराचं जाळं घेऊन मी छापखान्यात गेले. वरवंट्याच्या पहिल्या चौकोनात मी दोन अक्षरं लिहिली होती, वर 'व' आणि खाली 'म'. मालकांनी त्यावर बोट ठेवलं. "इधर गलती है ना, मॅडम? नीचे माफी का लाइन डालूं?"

मी म्हटलं, "नहीं. ऐसाच है."

अजून मी कोडी करते. पण आता छापायला देण्याआधी प्रत्येक जाळं दोनदा, कधी तीनदा तपासते. पूर्वी एवढं तपासत नसे. आता चूक राहिली, तर ती नुसती चूकच राहील.