गाभोळीवालीला खाडीवर पोचवताना

सहावा महिना लागल्यापासून जो तो एकच विचारतोय, "बाळंतपणाला माहेरी जाणार ना?" आई जाऊन दोन वर्षं झाली. माहेर म्हणजे आता कुलूप लावलेला फ्लॅट. शेवटी वैताग आला आणि शनिवारी दुपारची रिकामी कर्जत लोकल पकडून पळसदरीच्या मामाकडे निघाले.

कर्जत स्टेशनबाहेर वडापाव खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. रिक्षाचं भाडं आधीच ठरवा.

मामाने शेततळ्यात गोड्या पाण्यातली कोळंबी सोडलीय. मामीने झणझणीत कालवण केलं, पण पोटाखाली गाभोळी धरलेल्या मादीला मामा हात लावू देईना. तिला वेगळ्या टबात ठेवलेलं. "हिची पिल्लं झाली की पुढल्या वर्सी कोळंबीचं बी इकत आनायला नको," तो खुशीत म्हणाला.

मादी पोटाखालचे इवले पाय हलवून अंड्यांना सारखं ताजं पाणी देत होती. नारिंगी अंडी करडी पडलेली, म्हणजे दिवस भरलेले. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, गप्प कशी बसणार?

"मामा, पिल्लं इथे नाही रे जगायची. त्यांना खाडीचं मचूळ पाणी लागतं. महिनाभर तिथे वाढतात, मग नदीने वर चढतात."

मामाचं तोंड एवढंसं झालं. मामी म्हणाली, "मंग न्हेऊन सोडा की तिला. बाळंतपनाला पोरी जात्यातच."

रविवारी सकाळी टेंपोत बादली ठेवली, वर ओलं फडकं. खोपोली, खालापूर करत कुंभिवलीला हायवेवर चहाला थांबलो, तर मामा चहा सोडून फडकं उचलून बघतोय! पुढे खारपाड्याची खाडी. तुम्ही गेलात तर भरतीची वेळ बघून जा, नाहीतर चिखलात रुताल.

मामा गुडघाभर पाण्यात उतरला. बादली हळूच कलंडली. "जा गं बाय. सुखानं मोकळी हो."

मला हसू आलं आणि रडूही.

पाय धुता धुता तो म्हणाला, "तुला सातवा लागला की येतो टेंपो घेऊन. मामीनं खाट काढून ठेवलीय."

"अरे मामा, मी काही मागायला नव्हते आले."

"हिनं तरी कुठं मागितलं व्हतं?"

घरी आले तरी सलवारीला खाडीचा चिखल होता. तिची पिल्लं जगली का, कळणार नाही. मामाला बी मात्र विकतच आणावं लागणार.

लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी पुन्हा विचारलं, "मग, ठरलं का बाळंतपणाचं?"

"हो. पळसदरीला, माहेरी."